एक पितळी चकती

आमच्या लिहिण्याच्या मेजाच्या खणात, जुन्या पोस्टकार्डांच्या आणि औषधांच्या चिठ्ठ्यांच्या गर्दीत, पितळेची एक लहानशी चकती पडलेली असते. आकाराने ती जुन्या चार आण्यांच्या नाण्याएवढी असेल. एका अंगाने ती काळी आहे, कडेला बारीक आटे पाडलेले आहेत, आणि मधोमध मोहरीचा बारीक दाणा जेमतेम पार होईल एवढे भोक आहे. परवा आमच्या नातवाने ती शोधून काढली आणि विचारले, "आजोबा, हे कुठल्या कोटाचं बटण?" आम्ही त्याला उत्तर दिले, परंतु ते उत्तर अर्धेच होते. उरलेले अर्धे आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यात आमच्या एका चुकीची हकीकत आहे. इतकी वर्षे ती आम्ही कोठे लिहिली नव्हती.

ही चकती म्हणजे बोल्टच्या रायफलीच्या मागच्या बाजूस बसवावयाची 'पीप साईट', म्हणजे नेम धरताना डोळ्यासमोर येणारे भोक. रायफलीचे नाव काढताच काही वाचक दचकतील. म्हणून आधीच सांगून टाकतो, की हिच्यातून कागदी निशाणाखेरीज दुसऱ्या कशावरही कोणी नेम धरलेला नाही.

आमचा मुलूख सीमेवरचा. इकडे निपाणी, चिकोडी, तिकडे खानापूर, आणि मध्ये बेळगाव. १७६८ सालापासूनचा वारसा सांगणाऱ्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात असल्यामुळे या पट्ट्यात गल्लीगल्लीत एखादा तरी निवृत्त शिपाई, नाईक किंवा हवालदार आढळतो. आमचे वडील त्यांतलेच. नोकरी संपवून ते निपाणीस परतले, तेव्हा सोबत एक ट्रंक, एक घोंगडी आणि वक्तशीरपणा एवढेच घेऊन आले. घरात बंदूक त्यांनी कधी ठेवली नाही. तथापि नेमबाजीविषयी बोलताना मात्र त्यांना वेळेचे भान राहत नसे.

पायदळात त्यांनी पॉइंट थ्री-ओ-थ्रीच्या दोन रायफली हाताळल्या होत्या. पहिली 'नंबर एक', बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात वर्षानुवर्षे बनत आलेली ली-एनफिल्ड. हिच्या नळीवर, डोळ्यापासून हातभर पुढे, एक पट्टी असे आणि तिला वरच्या कडेस एक खाच असे. नळीच्या टोकाला पुढची माशी. खाचेत माशी मधोमध धरायची आणि माशीच्या टोकावर निशाण टेकवायचे, की झाला नेम. दुसरी 'नंबर चार'. हिच्यात मागची साईट नळीवरून उचलून पार मागे, बोल्टपाशी, डोळ्याजवळ आणून बसविली होती, आणि खाचेऐवजी तीत भोक होते. घाईच्या कामासाठी उलटीसुलटी पडणारी दोन भोकांची पट्टी असे. एक भोक तीनशे यार्डांचे, दुसरे सहाशे यार्डांचे. १९६० च्या दशकात आलेल्या सेल्फ-लोडिंग रायफलीलाही मागे भोकच होते.

"खाच की भोक, बाबा?" असे आम्ही लहानपणी विचारीत असू. वडील जुन्या पुठ्ठ्याला दाभणाने भोक पाडून ते आमच्या डोळ्यासमोर धरीत आणि अंगणाच्या टोकाला रोवलेल्या काटकीकडे बोट दाखवून म्हणत, "भोकाकडे बघायचं नाही, भोकातून बघायचं. बाकीचं डोळा आपसूक करतो." या वाक्याचा अर्थ कळावयास आम्हांस पुढे चाळीस वर्षे लागली.

यामागचे शास्त्र अवघड नाही. भौतिकशास्त्राचे मास्तर या नात्याने ते आम्ही वर्गात अनेकदा फळ्यावर मांडलेले आहे. खाचेच्या साईटने नेम धरताना डोळ्यापुढे तीन वस्तू येतात. जवळची खाच, मधली माशी आणि लांबचे निशाण. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. तरुण डोळ्यातील भिंग लवचीक असते. ते एकावरून दुसऱ्यावर इतक्या झपाट्याने जाते, की तिन्ही एकदम दिसल्याचा भास होतो. चाळिशी उलटली की भिंग ताठर होते आणि जवळची खाच विरघळून जाते. भोकाचे तसे नाही. डोळ्याजवळ धरलेले भोक डोळ्याला पाहावेच लागत नाही. प्रकाश मध्यभागी सर्वांत जास्त असतो, म्हणून डोळा माशीला आपोआप मध्यावर आणतो. शिवाय बारीक भोकातून मोजकेच किरण आत शिरतात, त्यामुळे माशी आणि निशाण दोन्ही रेखीव होतात. बदल्यात थोडा उजेड सोडावा लागतो, एवढाच तोटा.

आता चुकीकडे येतो.

१९९८ साली आम्ही निपाणीच्या एका शाळेत शिकवीत होतो आणि तेथील राष्ट्रीय छात्रसेनेच्या तुकडीचे अधिकारीही होतो. ही छात्रसेना १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेली. खाकी गणवेश, कवायत, शिबिर आणि वर्षातून काही दिवस चांदमारी, असा तिचा क्रम वाचकांपैकी अनेकांनी स्वतः अनुभवलेला असेल. चांदमारीला आम्हांस मिळत त्या पॉइंट टू-टूच्या रायफली जुन्या ली-एनफिल्डच्याच घडणीच्या. बोल्ट मागे ओढावयाचा, एक गोळी भरावयाची, बोल्ट पुढे ढकलावयाचा. साईट अर्थातच खाचेची.

त्या वर्षी तुकडीत नववीतली एक मुलगी होती. वडील नव्हते. आई दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळी. निपाणीत तंबाखूवर जगणाऱ्या हजारो घरांपैकी ते एक घर. मुलगी अबोल होती. कवायतीत तिच्याकडे लक्ष जाऊ नये इतकी साधी. परंतु पालथी पडून रायफल खांद्याला लावली, की तिचा श्वास, बोट आणि नजर ही तिन्ही एका सुतात येत. पंचवीस यार्डांवरून तिच्या पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जात. आमच्या इतक्या वर्षांच्या मास्तरकीत असा हात आम्ही दुसरा पाहिला नव्हता.

पुढच्या स्पर्धेसाठी निवड व्हावयाची होती. त्या दिवशी सकाळी लवकर, मुले येण्यापूर्वी, आम्ही रायफली स्वतः चालवून पाहिल्या. चांदमारी उत्तरेकडे तोंड करून होती. ऊन उजवीकडून येत होते. एका रायफलीच्या आमच्या गोळ्या निशाणाच्या डावीकडे दोन बोटे पडल्या. पुन्हा पाच मारल्या, पुन्हा डावीकडे. चष्मा आमच्या खिशात होता. छात्रांसमोर अधिकाऱ्याने चष्मा लावून नेम धरणे आम्हांस त्या काळी कमीपणाचे वाटे. आम्ही निदान करून टाकले, की ही रायफल डावीकडे मारते.

दुपारी तीच रायफल त्या मुलीच्या वाट्याला आली. आम्ही तिला सांगितले, "ही डावीकडे खाते. तू मध्यापासून दोन बोटे उजवीकडे धर." तिने क्षणभर रायफलीकडे आणि मग आमच्याकडे पाहिले. "होय सर," म्हणाली.

तिच्या पाच गोळ्या नेहमीप्रमाणे एका नाण्याएवढ्या जागेत पडल्या; परंतु मध्याच्या बरोबर दोन बोटे उजवीकडे. पुंजका सगळ्यांत सुबक आणि गुण मात्र उणे. यादीत तिचे नाव आले नाही. कागद गुंडाळताना ती इतकेच म्हणाली, "सर, रायफल बरोबर होती." आम्ही तिला ऐकवले, की नेमबाजाने हत्याराला दोष देऊ नये. तिने हत्याराला दोष दिलाच नव्हता, हे त्या वेळी आमच्या ध्यानात आले नाही. किंबहुना ध्यानात येऊ द्यावयाचे नव्हते.

त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी वह्या तपासताना अक्षरे फारच पोहू लागली, म्हणून घरच्या आग्रहाने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी समोरच्या तक्त्यावरची ओळ वाचावयास सांगितली. आम्हांस वाचता येईना. मग त्यांनी एक काळी पट्टी आमच्या डोळ्यापुढे धरली. तीत बारीक भोके होती. "आता वाचा, सर." आम्ही ओळ वाचली, तिच्याखालचीही वाचली. डॉक्टर म्हणाले, "भोकातून स्पष्ट दिसतं, म्हणजे डोळ्याचा पडदा ठीक आहे. नंबरचा दोष आहे, चष्म्यानं जाईल. भोकातूनही दिसलं नसतं, तर दुसरं काहीतरी शोधावं लागलं असतं."

आम्ही त्यांना त्या भोकाचे माप विचारले. ते हसून म्हणाले, "सव्वा मिलीमीटरच्या आसपास. का हो?" आमच्या तोंडून उत्तर निघेना. वडिलांचा पुठ्ठा, दाभणाचे भोक आणि अंगणातली काटकी आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि त्यांच्यामागोमाग ती चांदमारी.

परतीच्या वाटेवर सगळा हिशेब आपोआप सुटत गेला. त्या जुन्या रायफलीची माशी घासून चकचकीत झालेली होती. सकाळचे ऊन उजवीकडून येत असल्यामुळे माशीची उजवी कड उजळून दिसे आणि डावी कड सावलीत जाई. अंधुक डोळा उजळलेल्या कडेलाच माशी समजतो आणि तिला खाचेच्या मध्यावर आणतो; अर्थात खरी माशी, आणि तिच्यासह नळीचे टोक, डावीकडे सरकते. दोन साईटींमधले अंतर सुमारे अर्धा मीटर. माशी अर्धा मिलीमीटर सरकली, तर पंचवीस मीटरांवर गोळी अडीच सेंटीमीटर सरकते, हे त्रैराशिक सातवीतला मुलगाही सोडवील. दुपारी ऊन डोक्यावर आले, मुलीचा डोळा तरुण होता, आणि रायफल पहिल्यापासून सरळच होती. वडील चांदमारीपूर्वी कंदिलाच्या काजळीवर माशी धरून ती काळी करून घेत, हे आम्हांस लहानपणापासून ठाऊक होते. शास्त्र ठाऊक होते, वडिलांचा रिवाज ठाऊक होता, खिशात चष्माही होता. त्या सकाळी यांपैकी एकही गोष्ट आम्ही वापरली नव्हती.

निवडलेला संघ तोवर स्पर्धेला जाऊन परतलाही होता. भरपाई होण्यासारखे काही उरले नव्हते. तरीही आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. आईने मांडीवरचे सूप खाली ठेवले आणि आमच्यासाठी चटई टाकली. आम्ही उभ्यानेच म्हणालो, "पोरी, रायफल बरोबर होती. आमचा डोळा चुकला, आणि आम्ही तुला चुकीचं सांगितलं."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला माहीत होतं, सर. आदल्या दिवशी मी तीच रायफल मारली होती. पण तुम्ही सांगितलंत."

आमच्या आयुष्यात अनेकांनी आम्हांस बोल लावले. परंतु या चार शब्दांइतके खोल कोणाचेच लागले नाहीत. आमच्यावरच्या विश्वासापायी तिने स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखविला होता, आणि असे करावयास आम्हीच तिला वर्गात वर्षभर शिकविले होते. आई मध्येच म्हणाली, "एवढ्यासाठी उन्हातनं आलात व्हय मास्तर? च्या घ्या." चहा झाला. निघताना मुलीनेच विषय काढला. "सर, मोठ्या रायफलीला भोकाची साईट असते म्हणतात. ती मला एकदा बघायची आहे."

आमच्या भागातील एका नेमबाजी मंडळाकडे पन्नास मीटरच्या स्पर्धेची, इंग्लंडात बनलेली एक जुनी बोल्ट रायफल होती. चिटणीस आमच्या परिचयाचे. त्यांनी रायफल दाखविली आणि हळहळून म्हणाले, की हिची मागची चौकट शाबूत आहे, वरखाली आणि डावीउजवीकडे सरकविण्याचे दोन्ही स्क्रू टिचक्या देत फिरतात, परंतु डोळ्यापुढची चकती कोठेतरी हरवली आहे. चकतीवाचून ती चौकट म्हणजे काचेवाचून चष्मा. परदेशातून नवी मागवावयाची तर तो खर्च त्या मंडळाच्या आवाक्याबाहेरचा होता. आम्ही म्हणालो, "चकती आम्ही आणतो." त्यांनी अट घातली, की रायफलीच्या अंगाला कानस लावावयाची नाही, आणि जे बसवावयाचे ते त्यांच्या देखत बसवावयाचे. हत्यारांचा कायदा १९५९ चा असून तो कडक आहे, आणि तसा तो असावाही. आम्ही अट मान्य केली.

प्रथम शोध झाला. बेळगावच्या खडेबाजारापासून कॅम्पापर्यंत जुन्या वस्तूंची दुकाने पालथी घातली. दुर्बिणीची एक नळी मिळाली, लष्करी पाण्याची बाटली मिळाली, होकायंत्राची रिकामी डबीही मिळाली. चकती मिळाली नाही. मग निपाणीत महामार्गालगतच्या एका गॅरेजात मोटारसायकलचा कार्बुरेटर उघडलेला दिसला. त्यातले पितळी जेट मिस्त्रीने तळहातावर ठेवून दाखविले. "पेट्रोल मापून सोडायचं म्हणून याचं भोक कसं गोल असतं बघा, सर." आम्ही ते प्रकाशाकडे धरले. भोक खरोखरच निर्दोष गोल होते. ते पुठ्ठ्यात बसवून मुलीला दिले. तिने डोळा लावला आणि लगेच काढला. "सर, बोगद्यातून बघितल्यासारखं दिसतंय. भोवती चकाकणारी कडी दिसतात." तिचे म्हणणे अचूक होते. जेटचे भोक लांबट असते. त्याच्या पितळी भिंतींवर उजेड आपटून आत खेळतो. भोक नुसते गोल असून भागत नाही. त्याची भिंत कागदासारखी पातळ असावी लागते.

तेव्हा तवंदीचा घाट चढून, संकेश्वर, हत्तरगी करीत पुन्हा बेळगाव गाठले. उद्यमबागेत ओतकामाचे आणि लेथचे कारखाने एकमेकांना चिकटून उभे आहेत. तेथे आमचा एक जुना विद्यार्थी टर्नर होता. शाळेत असताना तो भौतिकशास्त्रात नापास होई. आता त्याच्या बोटांना मिलीमीटरचा शंभरावा भाग कळत होता. तो म्हणाला, "सर, एवढ्याशा भोकासाठी निपाणीहून आलात?" आम्ही म्हणालो, "भोक लहान आहे, काम मोठं आहे." चिटणीसांनी दिलेल्या चौकटीच्या मापावरून त्याने पितळी कांब लेथवर चढविली. आटे इंग्लिश मापाचे निघाले. आपल्याकडचा नेहमीचा टॅप चालेना, म्हणून ते लेथवरच कोरावे लागले. मग एका बाजूने बशीसारखा खोलगट भाग काढून मध्यावर पापुद्र्याएवढा धातू ठेवला, आणि त्यात बारीक ड्रिल उतरविले. पहिले ड्रिल मोडले. दुसरे केसभर बाजूला गेले. चकती फिरविली की भोक मध्याभोवती हिंडताना दिसे, म्हणून ती टाकून द्यावी लागली. संध्याकाळपर्यंत तीन चकत्या हाती आल्या. एक मिलीमीटरची, सव्वा मिलीमीटरची आणि दीड मिलीमीटरची. मजुरीचे विचारता तो म्हणाला, "तुम्ही मला पस्तीस मार्क दिले नसते तर मी आज इथं नसतो, सर. ते फिटले समजा."

पितळ चकाकते, ते तसेच ठेवले तर उन्हात डोळे दिपतात. त्यावर उपाय वाण्याच्या दुकानात मिळतो. कापूर पेटविला की दाट काळा धूर निघतो. त्यावर चकती धरली की मखमलीसारखी काजळी बसते. हा उपाय आमच्या शोधाचा नव्हे. जुने नेमबाज तो पूर्वीपासून करीत आलेले आहेत. आम्ही चिटणीसांच्या परवानगीने पुढच्या माशीलाही तीच काजळी दिली. त्या वेळी वडिलांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

तीन मापे का, असे कोणी विचारील. भोक मोठे असेल तर रेखीवपणा कमी. भोक लहान करीत गेलो तर रेखीवपणा वाढतो, परंतु तोही एका मर्यादेपर्यंतच. फार बारीक भोकात प्रकाश कडेपाशी वाकतो आणि प्रतिमा पुन्हा पुसट होऊ लागते. शिवाय अंधार वाढतो तो निराळाच. डोळा आणि त्या दिवसाचा उजेड, या दोहोंवर माप ठरते. घरी आमच्या डोळ्याने आम्ही तिन्ही पारखल्या आणि मनाशी ठरविले, की सव्वा मिलीमीटरची उत्तम.

ज्या दिवशी मंडळाच्या चांदमारीवर चकती बसविली, त्या दिवशी पावसाळी आभाळ होते. पन्नास मीटरांवर निशाण लागले. त्याचा काळा चांद सव्वाअकरा सेंटीमीटरांचा असतो. त्यातले दहा गुणांचे वर्तुळ अवघे दहा मिलीमीटर आणि वर चार दशांश. मुलीने तिन्ही चकत्या एकेक करून लावून पाहिल्या आणि दीड मिलीमीटरची ठेवली. "ढग आहेत, सर. हिच्यातून माशी नीट दिसते."

आम्ही सव्वाची सुचविण्यासाठी तोंड उघडले. मग मिटले. त्या क्षणी गप्प राहण्यास आम्हांस जितके बळ लागले, तितके निपाणी-बेळगावच्या साऱ्या फेऱ्यांना लागले नव्हते. आम्ही मागे बाकावर बसलो आणि चिटणीसांची दुर्बीण डोळ्याला लावली. गोळ्या खाली आणि डावीकडे पडल्या. तिने स्वतः स्क्रू फिरविला, टिचक्या स्वतः मोजल्या, पुन्हा पाच मारल्या. पुंजका सरकला. पुन्हा दोन टिचक्या. चौथ्या फेरीत पाचही गोळ्या मधल्या वर्तुळाला धरून बसल्या. तिने बोल्ट उघडा ठेवला, रायफल खाली ठेवली आणि मागे वळून पाहिले. "आता बरोबर आहे, सर." आम्ही म्हणालो, "तू म्हणतेस ना, मग बरोबर आहे."

त्या हिवाळ्यात ती एका स्पर्धेत पीप साईटच्या गटात उतरली. आपल्याकडच्या अनेक स्पर्धांत उघड्या खाचेचा आणि भोकाचा असे दोन गट निराळे ठेवतात, ते याच फरकामुळे. ती चौथी आली. पदक एका जागेने हुकले. ही गोष्ट कथेतली असती, तर ती पहिली आली असती. परंतु तिला जिथे पोहोचता आले तिथे ती स्वतःच्या डोळ्यांनी पोहोचली होती, आणि आमची चूक तिच्या गुणांत कोठेही मिसळलेली नव्हती. आम्हांस तेवढे पुरेसे होते.

पुढे ती शिकली. आज एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकविते. भारतातील नेमबाजीची राष्ट्रीय संघटना १९५१ साली उभी राहिली, आणि तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे होते. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही भरते, हे ती आपल्या विद्यार्थिनींना अभिमानाने सांगते. आमच्या निपाणीपासून अवघ्या चाळीसेक किलोमीटरांवरच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्यूनिक येथे पन्नास मीटर प्रोनमध्ये जागतिक अजिंक्यपद मिळविले, त्या दिवशी तिचा दूरध्वनी आला होता. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक ४५१.४ गुणांनी पटकाविले, तेव्हा पुन्हा आला. "सर, पाहिलंत का? बोल्टचीच रायफल आहे, आणि मागं भोकच आहे!"

त्यानंतर काही दिवसांनी ती स्वतः घरी आली. मंडळाची ती जुनी रायफल आता वापरातून गेली, चकत्या तेवढ्या राहिल्या होत्या. दोन तिने आपल्याकडे ठेवल्या आणि एक आमच्या हाती दिली. आम्ही पाहिले; ती सव्वा मिलीमीटरची होती. "ही तुमच्या डोळ्याची, सर," ती म्हणाली. म्हणजे त्या दिवशी बाकावर बसून आम्ही काय गिळून टाकले होते, हे तिला त्याच वेळी कळले होते, आणि इतकी वर्षे तिने ते मनात ठेवले होते.

वाचकहो, आमच्या वयाच्या माणसांना एक खोड असते. आपल्याला अंधुक दिसले, की जगच अंधुक झाले असे आपण म्हणतो. मुले बिघडली, काळ बिघडला, रायफल डावीकडे मारते. असे म्हणण्यापूर्वी खिशातला चष्मा एकदा काढून पाहावा, एवढेच आम्ही त्या चांदमारीवर शिकलो. आणि हे शिकण्याची किंमत आमच्याऐवजी दुसऱ्याच कोणीतरी भरली, ही खंत अजून आहे.

नातवाला आम्ही सांगितले, की हे बटण नव्हे, नेम धरण्याचे भोक आहे. त्याने ते डोळ्याला लावले आणि म्हणाला, "मला तर नुसतं काळं दिसतंय." आम्ही म्हणालो, "भोकाकडे बघू नकोस. भोकातून बघ." मग त्याला भिंतीवरचे कॅलेंडर दिसले, त्यावरची बारीक अक्षरे दिसली, आणि तो ती मोठमोठ्याने वाचू लागला. वाचून झाल्यावर म्हणाला, "आता तुम्ही, आजोबा. चष्म्याशिवाय."

आमच्या एका डोळ्यातील मोतीबिंदू काढून झाला आहे, दुसऱ्याची पाळी यावयाची आहे. आम्ही चष्मा काढून मेजावर ठेवला, चकती चांगल्या डोळ्याशी धरली आणि खालची तारीख वाचून दाखविली. नातू उठला, कॅलेंडराजवळ गेला, बोट ठेवून ती स्वतः तपासून पाहिली, आणि मगच म्हणाला, "बरोबर."